यादीतलं शेवटचं नाव

शमसुन्निसाला माणसांचा राग फारसा येत नसे. गॅसवाला उशिरा आला तरी ती त्याला आधी पाणी द्यायची आणि मग उशीर का झाला ते विचारायची. नवरा डब्यांची पिशवी विसरून स्कूटरला किक मारू लागला तर खिडकीतून नुसती एक हाक जायची. पण गेले काही महिने सानपाड्याच्या त्या घरातून रोज सकाळी जो आवाज चढायचा, त्याला तोड नव्हती. "मेल्या, मी सांगते काय नि तू करतोस काय!" समोरच्या बिऱ्हाडाला आधी वाटलं, बदरुद्दीनभाईंचं काही खरं नाही. मग कुणीतरी दारातून डोकावलं तेव्हा कळलं, की बाई लॅपटॉपशी भांडतेय आणि बदरुद्दीनभाई आत निवांत लसूण सोलतायत.

ती मूळची श्रीवर्धनकडची. बारावीला गणितात वर्गाच्या पुढे होती आणि त्याच वर्षी लग्न ठरलं. नवरा कुवेतला क्रेन चालवायचा, त्यामुळे संसार पत्रांवर आणि फोनवर झाला आणि पुढचं शिक्षण राहून गेलं. ह्याबद्दल ती कधी बोलली नाही. पण लेक मिस्बाह शाळेत असताना तिच्या गणिताच्या वहीतली उदाहरणं लेकीच्या आधी आईच सोडवून बसायची, आणि मग चूक झाल्यासारखी खोडून टाकायची. डब्यांचा धंदा त्याच काळात सुरू झाला. बदरुद्दीन कायमचा परत आला तेव्हा घर डब्यांवर चाललं होतं. मग तोच स्कूटरवरून महापेच्या कंपन्यांत डबे पोचवू लागला. महापेत बरेच जण तिला शमाबाय म्हणत आणि तिच्या हातच्या कालवणाची आठवण रविवारी काढत. मसाला ती स्वतः भाजून कुटायची. तयार मसाल्याची पुडी त्या घराचा उंबरा ओलांडत नसे, आणि सगळ्या रामायणाचं मूळ ह्याच हट्टात होतं.

गिऱ्हाइकांमध्ये एक यशोदाबाई होती. साताऱ्याकडची, घणसोली गावात भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी, महापेला औषधांच्या पॅकिंगवर सुपरवायझर. गळ्यात तुळशीची माळ, म्हणजे मासळी-मटणाला जन्माची सुट्टी. असली बाई मुसलमानाच्या घरचा डबा कशाला घेईल? पण कंपनीच्या कँटीनचं तेल तिला बाधायचं, आणि कुणीतरी शमाबायचं नाव सांगितलं. ती डबा ठरवायला म्हणून आली ती थेट स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"पातेली येगळी हायती का?" तिनं विचारलं.

शमसुन्निसानं वरची फळी दाखवली. शाकाहारी जेवणाची पातेली, उलथणी, पोळपाट, सगळं वेगळं होतं. रोज मासळी घरात यायच्या आधी त्या पातेल्यांतलं रांधून व्हायचं.

"आनि डबा भरनारा हात कुनाचा?"

"माझा."

"मग चालंल," यशोदाबाई म्हणाली, आणि तिनं चपलेत पाय घातले.

तेव्हापासून दिवसाचा पहिला डबा तिचा. कोळणीची टोपली दारात यायच्या आधी शमसुन्निसा तो स्वतः भरून, झाकण लावून खिडकीत ठेवायची. यशोदाबाईचीही एक रीत होती. रिकामं भांडं परत करायचं नाही. दुपारी डबा घासूनपुसून यायचा आणि आत कधी चिमूटभर साखर, कधी गुळाचा खडा, गावाहून कुणी आलं असेल तर मूठभर शेंगा. ती साखर शमसुन्निसा बरणीत टाकत नसे, आपल्या दुपारच्या चहात घालायची. ह्या दोघी एकमेकींशी फोनवर चार वाक्यं बोलल्या असतील-नसतील, पण साखर वर्षानुवर्षं येत होती.

मग डबे वाढले. सुनयना म्हणून एक साताऱ्याकडचीच पोरगी मदतीला आली. आणि व्हॉट्सॲप आलं, म्हणजे गिऱ्हाइकांना रोज सकाळी विचार बदलायची सोय झाली. फहादला आज मासे हवेत, हमझाला भात नको, कुणाला सोलकढी जास्त. शमसुन्निसाला सगळं तोंडपाठ असायचं, पण एक-दोनदा चुकलं आणि ती स्वतःवरच चिडली. मिस्बाह एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. ती म्हणाली, "अम्मी, टेन्शन कशाला घेतेस? तयार ॲप मिळतं, टाकून देते."

"तयार मसाला नको नि तयार ॲप पण नको. मला शिकव, मी करते."

इथेच बदरुद्दीनने कपाळाला हात लावला होता. सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांसाठी कोडिंगचा वर्ग भरत होता, त्यात तिनं नाव घातलं. मिस्बाहचा जुना लॅपटॉप ओट्याच्या बाजूच्या टेबलावर आला. बारावीचं गणित इतक्या वर्षांनी पुन्हा हाताशी येणार म्हणून बाई पहिले आठवडाभर अगदी माहेरी निघाल्यासारखी खुशीत होती.

खुशी टिकली नाही. वर्गात शून्य-एकचे आकडे शिकवले तोवर ठीक होतं. मग आली चिन्हं. पाच, मध्ये 'आणि'चं चिन्ह, आणि तीन, किती? शाळेत पाच आणि तीन आठ होतात, हे बालवाडीतलं पोरही सांगेल. यंत्र म्हणालं, एक. टोपीसारखं एक चिन्ह होतं, तिला वाटलं घात, म्हणजे पाचाचा तिसरा घात, सव्वाशे. यंत्र म्हणालं, सहा. शिकवणारा मुलगा हसत हसत "मॅम, हे बिटवाइज आहे" म्हणायचा आणि पुढच्या बाईकडे जायचा. हा 'बिटवाइज' शब्द तो इतक्या प्रेमानं उच्चारायचा की शमसुन्निसाला त्याला लाटणं फेकून मारावंसं वाटे.

घरी मिस्बाहनं डब्यांवरून समजावलं तेव्हा कुठे उजाडलं. चपातीला एक, भाताला दोन, माशांना चार, सोलकढीला आठ. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एकच आकडा. फहादला चपाती, भात, मासे, म्हणजे सात. आकड्यावरून डबा कळतो, दुसरं काही लिहायला नको. हे तिला फार आवडलं. एका आकड्यात अख्खं जेवण मावतं ही गोष्ट तिनं बदरुद्दीनला तीनदा सांगितली आणि तो तिन्ही वेळा "वा" म्हणाला.

पण फहादनं एका सकाळी मेसेज टाकला, 'खाला, मासे नक्की ना?' त्याला मासे होतेच. तिनं आपलं खात्रीला म्हणून माशांचं बटण पुन्हा दाबलं. बटण काय करायचं? त्याच्या आकड्यात चार मिळवायचं. सातात चार मिळवले, अकरा झाले. आणि अकरा म्हणजे चपाती, भात आणि सोलकढी. दुपारी फहादचा फोन, "खाला, मासे कुठे गेले? नुसती कढीच कढी!"

"बेरीज करू नकोस," मिस्बाह म्हणाली. "बेरजेत हातचा पुढच्या घरात जातो ना, तसा तुझा मासा सोलकढीच्या घरात गेला. उभी दांडी वापर. दांडी म्हणजे 'किंवा'. आधीच असेल तर असू दे, नसेल तर घाल."

"नि ती टोपी?"

"टोपीनं उलटं होतं. एकदा दाबलं की चालू, दुसऱ्यांदा दाबलं की बंद."

"म्हणजे माणूस दोनदा 'हो' म्हणाला तर 'नाय' होणार? आमच्यात दोनदा विचारायची रीत हाय गो! कुठल्या घरचा हिशोब हा?" शमसुन्निसा खरोखर संतापली होती. जगात इतकी वर्षं चाललेल्या साध्या बेरजेला सोडून लोकांनी दांड्या आणि टोप्या का काढल्या, हे तिला कुणी नीट सांगत नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं बदरुद्दीन लसूण सोलता सोलता पुटपुटला आणि त्याला त्या दिवशी चहा उशिरा मिळाला.

दांडी लावली, आणि गाडं रुळावर आलं. पडद्यावर गिऱ्हाइकांची नावं, प्रत्येकापुढे चार बटणं, आणि शेवटी छोट्या मशीनमधून स्टिकर. नाव आणि खाली डब्यात काय ते. स्टिकर झाकणावर लावायचं आणि सुनयनानं तसा डबा भरायचा. आता सगळे डबे एकदमच भरले जाऊ लागले, कारण स्टिकर एकदम यायचे. यशोदाबाईचाही. तिचं अन्न वेगळ्या पातेल्यांतच शिजायचं, ते कधी चुकलं नाही, पण पहाटेचा तो पहिला डबा खिडकीत दिसेनासा झाला. कामाच्या घाईत ह्याची नोंद शमसुन्निसानं घेतली नाही. सुनयना मात्र मनानं भरायची. कुणी बारीक दिसतो म्हणून त्याला एक चपाती जास्त, असं तिचं चालायचं. तिला शमसुन्निसानं सक्त ताकीद दिली, "स्टिकर सांगेल तेवढंच. आपलं डोकं लावायचं नाय."

एका रविवारी मिस्बाहनं आईचा प्रोग्राम उघडला आणि ती हसत सुटली. शमसुन्निसानं प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळं फंक्शन लिहिलं होतं, आणि प्रत्येकाला नाव दिलं होतं. फहादचे मासे, हमझाचे मासे, सुमय्याचा भात. फंक्शन म्हणजे काम सांगून ठेवलेला गडी. नावानं हाक मारली की येऊन तेवढं काम करतो. असे तिचे गडीच गडी झाले होते, पानंच्या पानं.

"अम्मी, हे काय! एक लॅम्डा लिही ना. नाव नसलेलं फंक्शन. एका ओळीत काम होतं."

"नाव नाय तर हाक कशी मारायची?"

"हाक मारायचीच नाही. बटणाला चिकटवून टाकायचं. यादीवरून एकेक नाव घेत जायचं नि प्रत्येकाच्या बटणाला चिकटवत जायचं. अगदी सिंपल आहे."

'सिंपल' हा शब्द ऐकला की शमसुन्निसाच्या कानशिलाची शीर उडायची. "दाखवू नकोस. मी करते," ती म्हणाली. आणि पुढचे काही दिवस ती त्या बिननावाच्या फंक्शनशी झुंजत राहिली. कंस कुठे, स्वल्पविराम कुठे, काही पत्ता लागेना. नाव दिलेल्या गोष्टीला विचारता तरी येतं, तुझं काय बिनसलं म्हणून. हे निनावी प्रकरण नुसतं लाल अक्षरांत ओरडायचं. कुणालाही नावागावाशिवाय घरात घ्यायची सवय तिला नव्हती. पण लेक हसली होती ते मनाला लागलं होतं. शेवटी एका सकाळी लाल अक्षरं गेली. पानंच्या पानं पुसली जाऊन चार ओळी उरल्या, आणि त्या चालत होत्या.

चालत होत्या हे तिनं तपासलंही. पडद्यावर सगळ्यात खालचं, हाताशी आलेलं नाव यशोदाबाईचं. नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं, त्यात वाय शेवटी. चांगली बोहनी व्हावी म्हणून तिनं तिचंच भाताचं बटण दाबून पाहिलं. भात चालू झाला, पुन्हा दाबलं तरी चालूच राहिला. झकास. बाकीची बटणं तिनं तपासली नाहीत. एक शीत दाबून भात शिजल्याचं कळतं, ह्या हिशोबानं ती निर्धास्त झाली.

त्याच सकाळी हमझाचा मेसेज आला, आज मासे हवेत. तिनं हमझाचं माशांचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. हमझापुढे तीच चपाती आणि तोच भात. बांगड्याचं कालवण उकळत होतं, बदरुद्दीन स्कूटरची किल्ली घेऊन दारात उभा होता, आणि ती त्या बटणावर बोट आपटत होती. "अरे घे ना! मासे म्हटलं मासे! बहिरा हाय की काय?" शेवटी वैतागून तिनं हमझाचं स्टिकर हातानं लिहिलं, बाकीचे मशीनमधून सोडले, आणि लॅपटॉपचं झाकण इतक्या जोरात मिटलं की सुनयना दचकली. सुनयनानं एक स्टिकर हातात घेऊन भाबीकडे पाहिलं. भाबीचा चेहरा बघून तिनं विचारायचं टाळलं, आणि स्टिकर म्हणत होतं तसा डबा भरला.

दुपारी यशोदाबाईचा डबा आला तो जड. झाकण तिच्या रुमालानं गच्च बांधलेलं. शमसुन्निसानं गाठ सोडली. आत सगळं जसंच्या तसं होतं, वरच्या वाटीत बांगड्याचं कालवण.

क्षणभर तिला वाटलं, डबे अदलाबदल झाले असतील. पण झाकणावर स्टिकर होतं. यशोदाबाई, आणि खाली चपाती, भात, मासे. तिनं फोन लावला. पलीकडून कँटीनचा आवाज येत होता. कुणीतरी बाई मागून म्हणत होती, "तरी तुला सांगत व्हते." यशोदाबाईचा आवाज शांत होता, नेहमीपेक्षा जास्त शांत. "खाल्लं न्हाय मी. वास आला तवाच झाकलं. उद्यापास्नं डबा नको, शमाबाय." आणि फोन बंद झाला.

ह्यानंतर जे झालं त्यात शमसुन्निसाचं काही चांगलं दिसलं नाही. ती सुनयनावर कडाडली. डोळे फुटले होते का, माळकरी बाईच्या डब्यात मासे घालताना हात थरथरला नाही का, तू तर तिच्याच गावाकडची. पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मी इचारनारच व्हते, भाबी. पन तुमीच म्हनला व्हता, डोकं लावायचं न्हाय." चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि हे शमसुन्निसाला त्या क्षणी कळलं सुद्धा. पण कळून तोंडातून शब्द परत घेता येत नाहीत. सुनयना न जेवता घरी गेली.

मिस्बाह कामावरून आली आणि तिनं उभ्या उभ्याच लॅपटॉप उघडला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना चूक लगेच सापडते, तशी तिला सापडली. "अम्मी, तू समज, भिंतीवर यादी आहे नि तू एका नावावर बोट ठेवलंयस. प्रत्येक बटणाला तू सांगितलंस, 'बोट ज्याच्यावर आहे त्याला मासे दे.' नाव नाही सांगितलंस, बोट दाखवलंस. बोट सरकत सरकत शेवटच्या नावावर जाऊन थांबलं. आता कुठलंही बटण दाब, ते बोटाकडे बघतं. तू हमझाचं दाबलंस, मासे यशोदाबाईंना गेले."

"मी किती वेळा दाबलं ते..."

"दांडी आहे ना तिथे. कितीदाही दाब, एकदाच लागतं."

"नि मी तपासलं होतं! तिच्याच नावावर तपासलं होतं!"

"तेवढं एकच बरोबर चालणार होतं, अम्मी. शेवटचं होतं ना."

शमसुन्निसा बसली. राग कुणावर काढायचा तेच तिला कळेना. बटणावर काढायचा तर ते सांगितलं तेच करत होतं. लेकीवर काढला. "तुला माहीत होतं तर आधी का नाय सांगितलंस?"

"तूच म्हणालीस, दाखवू नकोस."

दुरुस्ती फार मोठी नव्हती. बटणाला चिकटवतानाच नाव त्याच्या हातात द्यायचं, नंतर शोधायला लावायचं नाही. एका शब्दाचं काम. तो एक शब्द तिनं स्वतः लिहिला, सगळ्या नावांची सगळी बटणं एकेक करून दाबली, आणि सगळी बरोबर चालली. जे महिनोन् महिने तिला हवं होतं ते समोर होतं, आणि तिला त्याकडे बघवेना. सुनयना सकाळी आली तेव्हा शमसुन्निसानं तिच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "माझं चुकलं." पोरगी लगेच हसली. यशोदाबाई सुनयना नव्हती.

रविवारी दुपारी शमसुन्निसा लॅपटॉप पिशवीत घालून घणसोली गावात गेली. बोळात दोन्ही बाजूंनी घरं अंगावर आलेली, वर नव्या टॉवरची सावली. यशोदाबाईची खोली जिन्याखाली. तिनं दार उघडलं, "या" म्हणाली, सतरंजी टाकली आणि स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं. तिनं तोंड फिरवलं असतं, चार शब्द सुनावले असते, तर शमसुन्निसाला सोपं गेलं असतं.

तिनं लॅपटॉप उघडला. वाटेत सगळं मनात मांडून आली होती. ते बोट, ती यादी, ते शेवटचं नाव. पण तोंडातून निघालं तेव्हा त्याचा भाजीपाला झाला. "हे बटण हमझाचं. हे दाबलं की त्याला जायला हवं होतं. पण ह्याला नाव नाय ना, म्हणून ते यादीत शेवटी कोण हाय ते बघतं... शेवटी तुमी होता. वाय शेवटी येतो ना. म्हणजे मी मुद्दाम... माझ्या मनात सुद्धा..." तिला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही राग येत होता. एवढं बरोबर कारण हातात असून ते समोरच्या माणसापर्यंत पोचत नव्हतं. "आता दुरुस्त केलंय. बघा, दाबून बघा तुमीच. आता होणार नाय कधी."

यशोदाबाईनं बटण दाबलं नाही. तिनं पडद्यावर आपलं नाव मात्र नीट वाचलं, सगळ्यात खाली. मग गळ्यातली माळ बोटांनी सरळ केली.

"मुद्दाम केलं आसं मी म्हनतच न्हाय, शमाबाय. बाकीच्या म्हनत्यात, त्यास्नी मी गप केलं." तिनं चहा कपात ओतला. "मला येवढंच सांगा. त्या दिवशी डबा भरनारा हात कुनाचा व्हता?"

"सुनयनाचा."

"आनि तुमी कुठं व्हता?"

"ह्याच्यासमोर," ती म्हणाली, आणि लॅपटॉपवर नुसता हात ठेवला.

यशोदाबाईनं मान हलवली. "चा घ्या. निवतोय," म्हणाली. डब्याचा विषय तिनं काढला नाही, आणि शमसुन्निसाची विचारायची छाती झाली नाही. परतताना पिशवीतला लॅपटॉप मांडीवर दगडासारखा वाटत होता. तिला स्वतःचा असा राग आयुष्यात कधी आला नव्हता. गणित चुकलं असतं तर तिनं खोडून पुन्हा केलं असतं. गणित आता बरोबर होतं.

सोमवारी तिनं लॅपटॉप उघडलाच नाही, निदान आधी नाही. वरच्या फळीवरची पातेली काढली. वांग्याची भाजी, आमटी, भात, चपात्या. कोळीण यायला अवकाश होता. हात पुन्हा एकदा धुऊन तिनं डबा स्वतः भरला, झाकण लावलं आणि खिडकीत ठेवला. त्यावर स्टिकर लावलं नाही. मग लॅपटॉप उघडून यादीतलं शेवटचं नाव पुसून टाकलं. आता शेवटचं नाव सुमय्याचं होतं, तिला काहीही पाठवलं तरी ती खाते.

"सांगितलं नाय तिनं, तरी नेऊ?" बदरुद्दीननं विचारलं.

"न्या. नाय घेतला तर परत आणा."

तो गेला आणि शमसुन्निसाचा दिवस सरेना. स्टिकर अचूक आले, बटणं अचूक चालली, फहादनं 'आज एकदम परफेक्ट खाला' असा मेसेज टाकला, आणि ती त्याच्याकडे बघून चिडली. परफेक्ट म्हणे. दुपारी स्कूटरचा आवाज आला तेव्हा ती दारातच होती.

"घेतला," बदरुद्दीन पायऱ्या चढता चढता म्हणाला. "गेटवर स्वतः आली होती. बोलली काय नाय." त्यानं पिशवीतून डबा काढून दिला. हलका होता.

तिनं झाकण उघडलं. वाट्या लखलखीत घासलेल्या, कोरड्या पुसलेल्या. तिनं एकेक वाटी काढून पाहिली, तळाशी बोट फिरवलं.

"जेवली ना?" बदरुद्दीननं विचारलं.

"जेवली."

"मग झालं तर."

"साखर नाय," शमसुन्निसा म्हणाली.

तिच्याकडे बघत बदरुद्दीननं पिशवी खुंटीला अडकवली आणि आत गेला. तिनं वाट्या पुन्हा एकात एक बसवून डबा खिडकीत, उद्यासाठी ठेवला. मग चहा केला, आणि साखरेची बरणी समोर असून बिनसाखरेचाच प्यायला.